पुडीतला रानातला ग्लॅडिओलस: असिडॅन्थेराच्या कंदांचे परीक्षण

पुडीवर नाव छापलेले असते ‘असिडॅन्थेरा’. कधी ‘असिडॅन्थेरा बायकलर’, तर कधी नुसतेच ‘पीकॉक ऑर्किड’. आत निघतात ग्लॅडिओलसचे कंद. ऑर्किडशी यांचा काही संबंध नाही, आणि असिडॅन्थेरा हे नावही वनस्पतिशास्त्राने केव्हाच मागे टाकले आहे. आजचे मान्य नाव ग्लॅडिओलस म्युरिएली. इथिओपियापासून मलावी-मोझांबिकपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात ही जात रानात उगवते. तिचे हॉलंडमध्ये शेतात वाढवलेले कंद पुड्यांतून जगभर विकले जातात. आपल्याकडेही उन्हाळ्यात काही रोपवाटिकांत आणि ऑनलाइन दुकानांत ते येतात. हे परीक्षण त्या पुडीचे आहे. कोणा एका दुकानाचे नाही.

वस्तू उत्तम आहे, मनापासून शिफारस करावी अशी. मात्र पुडीच्या मागे छापलेल्या सूचना युरोपातल्या बागेसाठी लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा पाळल्या तर महाराष्ट्रात कंद एक तर कुजतो, नाही तर नुसती पाने देतो. आणि मग ‘माल खराब निघाला’ अशी तक्रार होते. यातल्या बहुतेक तक्रारी मालाच्या नसतात, वेळापत्रकाच्या असतात.

पैसे ज्या फुलासाठी टाकायचे ते आधी नीट पाहून घेऊ. फुलवाल्याकडे मिळतो तो ग्लॅडिओलस दांड्यावर दाटीने, एकावर एक, एकाच बाजूला तोंड करून बसलेला असतो. ही जात तशी नाही. दांडा 70 ते 100 सेंटिमीटर उंच, बारीक, वाऱ्यावर डुलणारा. त्यावर सुटी सुटी पाच-सहा फुले, कधी त्याहून थोडी जास्त, खालून वर एकेक करून उमलत जातात. प्रत्येक फूल एका लांब, किंचित वाकलेल्या नळीच्या टोकाला मान खाली घालून लोंबते. हिरव्या आवरणातून बाहेर आलेली ही नळी सहज दहा-बारा सेंटिमीटर भरते. टोकाला सहा पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, आणि मधोमध जांभळट-किरमिजी डाग. जांभळाच्या रसाचा थेंब पांढऱ्या सुती कापडावर पडून कडेने पसरावा तसा तो दिसतो. दिवसा वास मंद असतो. दिवेलागणीनंतर तो वाढतो, आणि गॅलरीत आठ-दहा दांडे फुललेले असतील तर घरात येतो. बाजारातल्या संकरित ग्लॅडिओलसला वास जवळपास नसतोच. फक्त या एका कारणासाठीही ही पुडी घ्यावी.

लांब नळी, पांढरा रंग आणि रात्रीचा वास या तिन्ही गोष्टी एकाच पाहुण्यासाठी आहेत. मध नळीच्या तळाशी असतो आणि तिथवर पोचेल एवढी सोंड मधमाशीला नसते, ती हॉक मॉथ या जोरकस उडणाऱ्या निशाचर पतंगांना असते. हा पतंग फुलासमोर हवेत तरंगत सोंड आत घालतो आणि त्या वेळी परागकण त्याच्या अंगाला लागतात. आफ्रिकेत आढळणारा अ‍ॅग्रियस कॉन्व्हॉल्व्हुलाय हा याच कुळातला पतंग आपल्याकडेही आहे. त्याची अळी रताळ्याच्या वेलावर वाढते, आणि त्याची सोंड त्याच्या शरीराहून लांब असते. ज्यांच्या परसात रताळी आहेत त्यांनी सप्टेंबरच्या संध्याकाळी दिवा बंद करून फुलांकडे लक्ष ठेवावे.

नावांचा घोळ

हा भाग वाचूनच पुढे जावे, कारण ऑनलाइन शोधताना नाव चुकले की भलतीच वस्तू घरी येते. 1844 मध्ये होखश्टेटर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने इथिओपियातल्या नमुन्यांवरून या वनस्पतीला असिडॅन्थेरा बायकलर असे नाव दिले. असिडॅन्थेरा म्हणजे टोकदार परागकोश असलेली. पुढे लक्षात आले की ही वेगळी प्रजाती ठेवण्याइतके अंतर नाही, हा ग्लॅडिओलसच आहे. पण ग्लॅडिओलस बायकलर हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले होते, म्हणून 1973 मध्ये ग्लॅडिओलस कॅलिअँथस असे नवे नाव आले. नंतर ध्यानात आले की इंग्लंडच्या केलवे रोपवाटिकेने 1932 मध्ये ग्लॅडिओलस म्युरिएली म्हणून प्रसिद्ध केलेली वनस्पती हीच. जुने नाव टिकते या नियमाने म्युरिएली कायम झाले. व्यापारात मात्र तिन्ही नावे अजून चालतात. पुडीवर यांपैकी कोणतेही नाव असले तरी वस्तू एकच.

‘पीकॉक’ शब्दावर मात्र विसंबू नये. पीकॉक फ्लॉवर म्हणून शोधले तर आपल्याकडे शंखासुराचे बी येते. परदेशी यादीत त्याच नावाने टायग्रिडिया हा वेगळाच कंद मिळतो. पुडीवर पांढरे फूल आणि गडद डाग यांचे चित्र असेल, आणि शास्त्रीय नाव वरीलपैकी एक असेल, तरच पुडी उचलावी. निळ्या, पोपटी किंवा इंद्रधनुषी रंगांत ‘असिडॅन्थेरा’ विकणारी जाहिरात दिसली तर ती सोडून द्यावी. या जातीला पांढऱ्याशिवाय रंग नाही.

रानातला पाऊस आणि आपला पाऊस

ग्लॅडिओलसच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी निम्म्याहून जास्त दक्षिण आफ्रिकेत आढळतात. केप प्रांताच्या पश्चिम भागातल्या जातींना थंडीत पाऊस आणि उन्हाळ्यात कोरड लागते. त्यामुळे त्या महाराष्ट्रात सांभाळणे फार कठीण आहे. पावसाळ्यात त्यांचा झोपेचा काळ असतो आणि नेमके तेव्हाच त्यांच्यावर पाणी कोसळते. म्युरिएलीचे उलट आहे. ती उन्हाळी पावसाच्या प्रदेशातली. इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबर हा मुख्य पावसाळा असतो, त्याला तिथे ‘किरेम्त’ म्हणतात. त्याच महिन्यांत तिथे हा कंद जागा होतो, वाढतो, फुलतो. पाऊस सरला की पाने वाळतात आणि कंद पुढचा पाऊस येईपर्यंत मातीत निजून राहतो. आपल्या तेरड्याचे आणि रानहळदीचे वेळापत्रक ज्यांना ठाऊक आहे त्यांना आणखी काही समजावून सांगायची गरज नाही.

फरक आहे तो दोन गोष्टींत. पहिली, उंची. तिकडचे हे डोंगर हजार-दोन हजार मीटरच्या पुढचे, त्यामुळे भर पावसाळ्यातही हवा थंड. दुसरी, पाण्याचा निचरा. रानात ही जात खडकाळ गवताळ उतारांवर आणि पाणी झिरपणाऱ्या कड्यांच्या कपारीत सापडते. मुळांशी सतत ओल असते, पण पाणी थांबत नाही. ‘भरपूर पाणी द्या’ ही पुडीवरची सूचना आणि ‘कंद कुजतो’ ही इथली तक्रार या दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचा उलगडा या कपारीत होतो. पाणी वाहते हवे, साचलेले नको.

पुडी उघडताना

पुडीवर बारीक अक्षरात ‘8/10’ किंवा ‘7/8’ किंवा ‘10/+’ असे काही छापलेले असते. बहुतेक लोक हा आकडा वाचतच नाहीत, आणि फसतात इथेच. हा कंदाचा घेर आहे, सेंटिमीटरमध्ये. 8/10 म्हणजे कंदाच्या कमरेभोवती दोरा गुंडाळला तर तो 8 ते 10 सेंटिमीटर भरतो. व्यास साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. असा कंद लावला त्याच हंगामात फुलतो. 7/8 लाही बहुधा फूल येते, पण दांड्यावर फुले कमी. त्याहून लहान कंद पहिल्या वर्षी पानेच देतात. 25 कंदांची स्वस्त पुडी आणि 10 कंदांची महाग पुडी यांत निवड करताना भाव नगावर लावू नये, घेरावर लावावा. ज्या पुडीवर घेर छापलेलाच नाही आणि विक्रेताही तो सांगत नाही, ती घेऊ नये. सुटे कंद मिळत असतील तर दोरा आणि पट्टी घेऊन मोजावे, यात संकोच करण्यासारखे काही नाही.

मग हात लावून तपासावे. चांगला कंद हाताला जड आणि टणक लागतो, दाबला तर दबत नाही. त्यावर तपकिरी, जाळीदार तंतूंचे आवरण असते. ते थोडे सुटलेले असले तरी चालते. एका कंदाचे आवरण सोलून पाहावे. आतला पृष्ठभाग पिवळसर-पांढरा, गुळगुळीत हवा. तपकिरी, खरखरीत, चिकट चट्टे असतील तर फुलकिडे साठवणीत शिरलेले आहेत. खोलगट, काळपट, कोरडे डाग असतील तर ती फ्युजेरियम बुरशीची कंदकूज. शंका असेल तर एक कंद सरळ उभा चिरावा. एका कंदाचे नुकसान होते, पण बाकी चोवीस वाचतात. कांद्यासारखे पापुद्रे यात नसतात. सगळा भरीव पिठूळ गर असतो, म्हणून वनस्पतिशास्त्रात याला दृढकंद म्हणतात. गर एकसारखा पांढरा असेल तर माल निरोगी. मध्यभागी तपकिरी गाभा दिसला तर रोग बुडातून आत गेलेला आहे. अशा पुडीचा फोटो काढून ती परत करावी. औषधात बुडवून ती बरी होत नाही.

पुडी कधीची आहे हेही बघावे. हॉलंडमध्ये कंद शरद ऋतूत काढतात आणि आपल्या दुकानांत ते उन्हाळ्यात येतात. मे महिन्यात काचेच्या दुकानात उन्हात टांगलेल्या पुडीतले कंद आक्रसून हलके होतात. जूनअखेर उरलेला माल निम्म्या भावात मिळतो. तो घ्यावा का? टणक असेल आणि टोकाशी कोंब अर्धा-एक सेंटिमीटरच निघालेला असेल तर घ्यावा. पुडीतच बोटभर लांब, पांढरा, वाकडा कोंब आलेला कंद घेऊ नये.

आणखी एक. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना सामानात कंद टाकून आणायला सांगू नये. कंदांची आयात 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली येते. त्याला परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम योग्य आहे. ग्लॅडिओलसचे विषाणू आणि बुरशी कंदातूनच प्रवास करतात.

लागवड

पुडी सांगते: एप्रिल-मेमध्ये लावा, पूर्ण उन्हात, 10 सेंटिमीटर खोल. यातली खोली बरोबर आहे. महिना आणि ऊन मात्र आपल्या जागेप्रमाणे बदलावे लागते. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत पहिली लागवड करावी. विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये लावूच नये. माती तापलेली असते आणि कोंब वर येताच करपतो. दोन चांगले पाऊस होऊन जमीन निवल्यावर लावावे. कोकणात आणि गोव्यात पहिल्या धुवाधार पावसात कंद उघड्यावर ठेवू नयेत. पागोळीच्या आत, पण प्रकाशात, कुंडीत लावून कोंब वीतभर झाला की बाहेर काढावे.

लावल्यापासून फूल यायला साधारण 90 ते 120 दिवस लागतात. जूनच्या सुरुवातीला लावलेले कंद गणपतीनंतर ते नवरात्रापर्यंत फुलतात. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत लावले तर बहर महिनाभर पुरतो. शेवटचा हप्ता जुलैच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर लावलेल्यांची कळी ऑक्टोबरच्या उन्हात सापडते. कळी आवरणातच वाळते, किंवा नळी बाहेर येते पण पाकळ्या उघडत नाहीत. युरोपात उशिरा लावलेले कंद थंडीने फुलत नाहीत, आपल्याकडे ऑक्टोबरच्या कोरड्या उष्णतेने.

लावण्याआधी कंद लिटरला 2 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवावेत. हातमोजे घालावेत. रसायन नको असेल तर शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मातीत मिसळावी. दोन्ही एकदम करू नये, बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारते.

कुंडीची माती: दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. कोकणात वाळूचा भाग दीडपट करावा. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचे खत. सिंगल सुपर फॉस्फेट मुद्दाम टाळावे. त्यात फ्लोराइड असते आणि ग्लॅडिओलसला फ्लोराइड सोसत नाही; पानांची टोके वाळल्यासारखी तपकिरी होत खाली उतरत जातात. यवतमाळ, चंद्रपूर भागात ज्यांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे त्यांनाही हेच लक्षण दिसेल. तिथे पावसाचे साठवलेले पाणी द्यावे. टोके वाळली की लोक पाणी वाढवतात. त्याने फ्लोराइडही वाढते, आणि मुळेही गुदमरतात.

बारा इंची कुंडीत नऊ-दहा कंद बसतात, दोन कंदांत चार बोटे अंतर. एकेकटा कंद लावू नये. दांडे बारीक असतात, घोळक्यात एकमेकांना टेकून उभे राहतात आणि शोभाही घोळक्याचीच आहे. कंद बूड खाली आणि टोक वर असे ठेवावेत, वर 10 सेंटिमीटर माती. काळ्या जमिनीत थेट लावायचे असेल तर आधी वीतभर उंच गादीवाफा करावा आणि 7-8 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. त्याहूनही उथळ लावलेले दांडे सप्टेंबरच्या वादळी पावसात आडवे पडतात. कोंब वर यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सगळे एकाच वेळी येत नाहीत. या काळात माती नुसती ओलसर ठेवावी. मुळे नसलेला कंद पाणी पीत नाही. पहिल्या महिन्यात जितके कंद कुजतात तितके नंतरच्या तीन महिन्यांत मिळूनही कुजत नाहीत.

तिसरे पान निघाले की पाणी वाढवावे. पावसात उघडीप पडली तर रोज. याच सुमारास आत दांडा तयार होऊ लागतो, म्हणून 19:19:19 हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला 2 ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. कळी दिसली की नत्र थांबवून पोटॅशकडे जावे. दिवसाला निदान सहा तास ऊन हवे. उत्तरेकडच्या गॅलरीत पाने लांब, लिबलिबीत होतात आणि दांडा येतच नाही. ज्यांच्याकडे तेवढे ऊन नाही त्यांनी ही पुडी घेऊ नये, कोणत्याही खताने उन्हाची भरपाई होत नाही.

काय बिघडते

बाहेरचे पान आधी पिवळे पडून बाजूला वाकले आणि रोप ओढले तर सहज उपटून आले, तर ती कंदकूज. ते रोप मातीसकट टाकावे, त्या कुंडीत तीन-चार वर्षे ग्लॅडिओलस लावू नये. कंद मऊ होऊन घाण वास येत असेल तर ती जिवाणूंची सड. तिचे कारण बहुतेक वेळा कुंडीखालची भरलेली ताटली असते. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

पानांवर चंदेरी ओरखडे आणि पाकळ्यांच्या कडा जळल्यासारख्या दिसल्या तर फुलकिडे. पावसाच्या उघडिपीत ते झपाट्याने वाढतात. पांढऱ्या पाकळीवर त्यांचे नुकसान चटकन डोळ्यांत भरते, म्हणून कळी आवरणात असतानाच निंबोळी तेल लिटरला 5 मिलि थोड्या साबणाच्या पाण्यात ढवळून संध्याकाळी फवारावे. फुले उमलल्यावर फवारू नये, पतंग येतात.

पानांवर फिकट-गडद हिरव्या रेषा आणि फुलाच्या डागात पांढरे फटकारे दिसले तर तो विषाणू. याला औषध नाही, रोप नष्ट करावे. मावा हा विषाणू शेंगवर्गीय पिकांवरून आणतो, म्हणून वाल-घेवड्याच्या मांडवाशेजारी हे कंद लावू नयेत. परसातल्या भाज्यांबरोबर लावणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

कोवळे कोंब रात्रीत कुरतडलेले दिसले तर गोगलगाई. मातीतून कंदच नाहीसे झाले तर घूस, आणि सह्याद्रीच्या कडेच्या गावांत साळिंदर. वाफ्याच्या तळाशी बारीक तारेची जाळी अंथरणे हा एकच भरवशाचा उपाय आहे.

आणि पाने उत्तम, फूल नाही? चार कारणे, याच क्रमाने तपासावीत: कंद लहान होता, ऊन कमी होते, लागवड उशिरा झाली, किंवा कळी तयार होण्याच्या दिवसांत आठवडाभर पाणी तुटले.

फुलल्यावर

खालचे पहिले फूल उमलायच्या बेतात असताना दांडा कापून घरात आणला तर बाकीच्या कळ्या पाण्यात उमलतात. एक फूल दोन-तीन दिवस टिकते, सगळा दांडा साधारण आठवडाभर. कापताना किमान तीन-चार पाने रोपावर राहू द्यावीत. फुलदाणीसाठी लांब दांडा मिळावा म्हणून बुडातून कापतात, आणि पुढच्या वर्षीचा कंद तिथेच उपाशी राहतो.

कारण जो कंद लावला तो परत मिळत नाही. हंगामाच्या शेवटी एक रोप हलक्या हाताने उपटून माती झटकावी. वर, दांड्याच्या बुडाशी, नवा गोल कंद बसलेला दिसतो. त्याच्या खाली जूनमध्ये लावलेला कंद वाळक्या चकतीसारखा चिकटलेला असतो. त्याने सगळे पीठ दांड्याला दिलेले असते. दोघांच्या मधल्या सांध्यापाशी तांदळापासून वाटाण्याएवढी पिल्ले लगडलेली असतात. नवा कंद फुलानंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत हिरव्या पानांच्या बळावर भरतो. म्हणून बहर संपला की कुंडी कोपऱ्यात सरकवून विसरून जाणे ही मोठी चूक. या दिवसांत पाणी आणि पोटॅश चालू ठेवावे, पाने आपली आपण पिवळी पडू लागली की पाणी तोडावे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाने वाळली की कंद काढावेत. पुडीवर लिहिलेले असते ‘हिमतुषारापूर्वी काढा’. आपल्याकडे दहिवराची भीती नाही, पण कोरड्या झोपेची गरज तीच आहे. लंडन किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरांत मात्र पुडीवरची सूचना अक्षरशः पाळावी. तिथे कंद जमिनीत राहिला तर थंडीने मरतो. काढलेले कंद दोन-तीन आठवडे वाऱ्याच्या सावलीत पसरून जुनी चकती हाताने मोडून टाकावी, पिल्ले वेगळी करावीत, आणि जाळीच्या पिशवीत टांगावेत. फ्रीजमध्ये ठेवू नयेत. संकरित ग्लॅडिओलसचे कंद झोप मोडण्यासाठी शीतगृहात ठेवतात, ती पद्धत इथे लावू नये. घरातली कोरडी, 20 ते 25 अंशांची जागा पुरते. मेमध्ये छताखाली जिथे फार तापते ती जागा टाळावी. कुंडी छपराखाली पूर्ण कोरडी राहणार असेल तर कंद तिथेच राहू दिले तरी चालतात. ठिबकच्या नळीखालच्या वाफ्यात मात्र ते हमखास सडतात.

संकरित की रानातला

फुले विकायची असतील तर ही पुडी घेऊ नये. बाजाराला भरगच्च, सरळ, रंगीत दांडा लागतो. त्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘फुले गणेश’सारख्या जाती आहेत, पावसाळा ओसरल्यावर लावायच्या आणि थंडीत काढायच्या. म्युरिएलीची मान लवलेली असते, पेटीत नळ्या मोडतात, आणि एका दांड्यावर एका वेळी एक-दोनच फुले उघडी असतात. पण गच्चीवर, अंगणात, पायरीच्या कडेला, जिथे माणसे संध्याकाळी बसतात तिथे या दोघांची तुलनाच होत नाही. शिवाय हंगामही वेगळे. पावसाळ्यात संकरिताची कुंडी रिकामी असते, तेव्हा ही भरलेली असते.

पुडीला गुण द्यायचे तर कंदाच्या प्रतीला पाचपैकी साडेचार, अर्थात घेर छापलेला असेल तरच. सूचनांना एक. आयातदारांनी मागच्या बाजूला चार ओळींचे मराठी-हिंदी कागद चिकटवले, त्यावर ‘पहिल्या पावसाबरोबर लावा, ताटली काढा’ एवढेच छापले, तरी निम्म्या तक्रारी थांबतील.

पहिली खरेदी 10 ते 15 कंदांचीच करावी, 8/10 घेराची. पिल्ले जूनमध्ये वेगळ्या कुंडीत 3-4 सेंटिमीटर खोल लावली तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ती फुलावर येतात, आणि चांगली सांभाळली तर पुन्हा पुडी घ्यावी लागत नाही. काढणीनंतर दोरा घेऊन नव्या कंदांचा घेर मोजावा: 8 च्या वर राहिला असेल तर तुमची माती, ऊन आणि पाणी बरोबर आहे, 6 वर आला असेल तर पुढच्या वर्षी खत वाढवण्याआधी कुंडीची जागा बदलून पाहावी.